आठ दिवसांची दाढी

आमच्या शेजारच्या शंकरनानांच्या गालावर अकरा वर्षं आठ दिवसांची दाढी होती. ती नऊ दिवसांची कधी झाली नाही आणि सात दिवसांची कधी राहिली नाही. बुधवारी आणि रविवारी सकाळी नाना अंगणात खुर्ची टाकायचे, तुळशीच्या कट्ट्याला आरसा टेकवायचे, कात्रीनं दाढी कातरायचे आणि मग खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढून गालाला लावायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर टर्नर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. लोखंड असो नाहीतर केस, मापात बसल्याशिवाय त्यांचा हात थांबत नाही. "तीन मिलिमीटर," असं स्वतःशीच म्हणून ते व्हर्नियर पुसायचे आणि चहाला आमच्याकडे यायचे.

सहा वर्षांपूर्वी आम्ही उचगावात घर घेतलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, "नाना, दाढी वाढवताय का काढताय?"

"दोनी न्हाय. ठेवलीया."

"कशासाठी?"

"कंटिन्युटी," नाना म्हणाले, आणि बशीतला चहा संपवून उठले.

या शब्दाची गोष्ट अशी. नाना कामावर होते तेव्हा गडमुडशिंगीला एका मराठी पिक्चरचं शूटिंग आलं. नानांना पिक्चरचं वेड लहानपणापासून. दोन दिवस रजा टाकून ते गेले आणि गावकऱ्यांच्या गर्दीत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन गेलं. टोपीवाला असिस्टंट त्यांना म्हणाला, "काका, उरलेला शॉट पुढच्या शेड्यूलला घेऊ. दाढी अशीच ठेवा, कंटिन्युटी आहे." सिनेमा तुकड्यातुकड्यांनी घेतात, पण पडद्यावर तो सलग दिसावा लागतो. आधीच्या तुकड्यात कप अर्धा असेल तर पुढच्यातही अर्धाच पाहिजे, आणि गाल खरखरीत असेल तर खरखरीतच. नानांच्या गालावर त्या दिवशी आठ दिवसांची दाढी होती. पिक्चर पुढं डब्यात गेला आणि टोपीवाला पुन्हा दिसला नाही. नानांनी मात्र दिलेला शब्द मोडला नाही.

त्यासाठी त्यांनी काय काय सोसलं याला गणती नाही. लेकीच्या लग्नात फोटोग्राफर हातापाया पडला, तरी नाना बधले नाहीत. लेक दिली मलकापूरला. तिच्या सासूनं, म्हणजे विहीणबाईंनी, मांडवातच विचारलं, "पावणं, दाढी कुठल्या देवाची म्हणायची?" नाना घाईत होते. "कंटिन्युटी," म्हणाले आणि पंगतीकडं वळले. विहीणबाईंनी ऐकलं 'कंटीनाई'. यल्लमा त्यांना ठाऊक होती, मरगाई ठाऊक होती, ही कुठली ते कळेना. बहुतेक सीमेपलीकडची, कर्नाटकातली असणार, कडक असणार, असं त्यांनी ठरवलं. तेव्हापासून दर दिवाळीला मलकापूरहून फराळाच्या डब्याबरोबर कंटीनाईच्या नावानं एक नारळ येतो. नाना तो निमूटपणे फोडतात आणि निम्मं खोबरं आम्हाला देतात.

नानांबरोबर पिक्चरला जाणं हे धाडस आहे. मी आपला साधा शौकीन. शनिवारी पिक्चर बघायचा, रविवारी त्यावर बोलायचं आणि सोमवारी शाळेत जाऊन बीजगणित शिकवायचं, एवढंच माझं सिनेमाशी नातं. एकदा हौसेनं नानांना सोबत नेलं. पडद्यावर नायिका दवाखान्यात शेवटचे श्वास मोजत होती. माझी बायको रोहिणी पदर तोंडाला लावून रडत होती, थिएटरात सगळीकडे मुसमुस चालली होती. तेवढ्यात नानांचा लेथच्या आवाजावर मात करायला घडलेला गळा कडाडला, "मगाशी सलाईन डाव्या हाताला हुतं की!"

मागून आवाज आला, "ओ पावणं, गप बसा की! बाई मरायला लागलीया हितं!"

"मरू दे की. पर सलाईन तरी एका हातात ठिवून मरावं!"

आम्ही मध्यंतरात बाहेर आलो. म्हणजे आम्हाला यावंच लागलं.

यंदा उचगावच्या वाचनालयानं लघुपटांची स्पर्धा ठेवली आणि माझ्या अंगात आलं. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या पाटील सरांकडं बरा मोबाइल आणि तो उभा करायचं तिकाटणं होतं, माझ्याकडं गोष्ट होती. गोष्टीचं नाव 'शिडी'. एका माणसानं फार पूर्वी शेजारून शिडी मागून आणलेली असते. म्हातारपणी ती परत करायला तो निघतो, तर शिडी कुणाची होती हेच कुणाला आठवत नाही. नायक नाना. शेजारीण रोहिणी. आणि मी दिग्दर्शक, म्हणजे सगळ्यांना पाणी देणारा.

पहिल्या दिवशीच नानांनी कंटिन्युटीचं खातं न विचारता ताब्यात घेतलं. एका वहीत ते सगळं टिपून ठेवू लागले. शिडी कुठल्या खांद्यावर, तिची कितवी पायरी कानासमोर, चप्पल किती मळलेली. एकदा मागं बसलेलं कुत्रं उठून गेलं म्हणून त्यांनी शूटिंग थांबवलं आणि बिस्किट दाखवून ते कुत्रं पुन्हा त्याच जागी आणून बसवलं. पाटील सरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नायक बदलता येईल का?"

निम्मं काम झालं होतं, तेव्हा ते घडलं. रोहिणी दारात उभी राहून म्हणणार, "शिडी? आमची न्हवं बाई ती." वाक्य एवढंच. आठ वेळा घेतलं. नवव्यांदा बरोबर जमलं, आणि नानांनी हात वर केला.

"मगाशी वैनींच्या डाव्या हातात सहा बांगड्या हुत्या. आता पाचच हायत."

"एक फुटली, नाना," रोहिणी म्हणाली.

"मग मागचे शॉट परत घ्या. पाच बांगड्यांचे."

ऊन उतरत होतं, पोटात कावळे ओरडत होते, आणि माझी जीभ सुटली. "नाना, पुरे झालं! अकरा वर्षं दाढी धरून बसलाय तुम्ही. तो पिक्चर कधीच डब्यात गेला. तुम्हाला बोलवायला कोणी येणार नाही. कधीच येणार नाही!"

नानांनी खांद्यावरची शिडी उतरवून भिंतीला टेकवली. वही मिटली. "बराबर हाय तुमचं, मास्तर," एवढंच म्हणाले आणि घरात गेले.

दोन दिवस ते चहाला आले नाहीत. रोहिणी रोज सवयीनं तीन कप चहा टाकायची आणि तिसरा कप तसाच निवून जायचा. "जाऊन माफी मागा," ती म्हणाली. "पिक्चर गेला चुलीत."

मी गेलो तो वार बुधवार होता. अंगणात खुर्ची नव्हती, आरसा नव्हता. नाना आत पलंगावर बसले होते आणि दाढी चार मिलिमीटर तरी झाली असावी. मी आपलं 'चुकलं माझं, जीभ घसरली' वगैरे सुरू केलं. त्यांनी हातानंच थांबवलं. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि त्यातून एक पिशवी काढली. पिशवीत हिरवी इरकली साडी होती, नीट घडी घातलेली. वर कारखान्यात घडवलेल्या भागाला बांधतात तसलं पुठ्ठ्याचं लेबल होतं आणि त्यावर नानांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'कंटिन्युटी. हात लावू नये.'

"तुमच्या काकीची," नाना म्हणाले.

काकींना मी पाहिलेलं नव्हतं. आम्ही उचगावात येण्याच्या कितीतरी आधी त्या गेल्या होत्या. भिंतीवरचा हार घातलेला फोटो तेवढा माहीत.

"ती पण आलती की शूटिंगला. हिरोईन बगायची म्हणून माझ्या गाडीवर मागं बसून आलती. त्या टोपीवाल्यानं तिच्या हातात घागर दिली. म्हणला, 'मावशी, हिकडनं चालत जायचं, त्या चिंचंमागं जायचं आन पल्याडनं बाहीर यायचं.' मी पारापाशी हुबा. ती बाहीर येतीया आन मी बगतोय, असा शॉट. चिंचंमागं गेली बराबर. आन तवाच ऊन गेलं. बाहीर यायचं ऱ्हायलं पुढच्या शेड्यूलला."

साडीचा काठ नानांनी बोटानं सरळ केला.

"तिनं ही साडी परत नेसली न्हाय. धुतलीबी न्हाय. रंग उतरला तर कंटिन्युटी जाईल म्हणायची. चार म्हैन्यात आजार निघाला. दवाखान्यातबी म्हणाली, 'फोन आला तर सांगा, मी यीन म्हणावं.' मास्तर, पिक्चर बंद पडलाय, एवढं मला कळतंय. मी काय खुळा न्हाय. पर ती अजून चिंचंमागंच हाय. आन ती बाहीर आली आन मी हितं गुळगुळीत हुबा, तर तिनं वळकायचं कसं?"

मला माझीच लाज वाटली. सलाईनवरून हसलो होतो, नारळावरून हसलो होतो, त्या सगळ्याची लाज वाटली. मग मी विचारलं, "चिंच आहे का अजून?"

"हाय की. अधनंमधनं बघून येतो मी."

"मग चला रविवारी. शॉट पुरा करू."

शॉट पुरा करायचा म्हणजे काकींचं काम कोणीतरी करायला हवं. रोहिणी म्हणाली, मी करते. नाना म्हणाले, "नको वैनी. साडी तिची हाय." साडी घरीच राहिली.

रविवारी दाढी पुन्हा तीन मिलिमीटर होती. दुपारी आम्ही गडमुडशिंगीला गेलो, नाना, मी आणि पाटील सर. नानांनी घरातली पितळी घागर आणली होती. पाराजवळच्या नळावर ती काठोकाठ भरली. पाटील सर म्हणाले, "रिकामीच असू द्या, दिसत नाही आत काय आहे ते." नाना म्हणाले, "भरल्या घागरीनं चाल बदलती, सर. तिची भरल्याली हुती." घागर चिंचेमागं ठेवून ते पारापाशी आले आणि एका मुळाला टाच लावून उभे राहिले. अकरा वर्षांपूर्वीची खूण ती. मोबाइल कुठं लावायचा तेही त्यांनीच पावलं मोजून सांगितलं. मग उन्हाकडं बघत बसले. चारच्या पुढं केव्हातरी मान हलवली. "हेच ऊन हुतं."

मी म्हटलं, "ॲक्शन."

नाना चिंचेकडं बघत उभे राहिले. चिंचेमागून कोणी आलं नाही. येणार कोण होतं? पण आम्ही तिघंही बघत होतो. थांबवायचं कधी ते मला कळेना. मग नाना हलले. सावकाश चालत चिंचेमागं गेले आणि पलीकडच्या बाजूनं बाहेर आले. भरलेली घागर त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, पाणी हिंदकळत शर्टावर सांडत होतं. पारापर्यंत येऊन त्यांनी ती अलगद टेकवली.

"ओके का, मास्तर?"

"ओके, नाना." पाटील सर मोबाइलची काच पुसत राहिले.

सोमवारी सकाळी दार वाजलं. रोहिणीनं उघडलं आणि मला तिचा आवाज आला, "कोण पाहिजे?"

"चहा पायजे," बाहेरचा माणूस म्हणाला.

मी धावत गेलो. दारात नाना होते. गाल तुळतुळीत, वरचा अर्धा चेहरा उन्हानं रापलेला आणि खालचा अर्धा अगदी गोरा. हनुवटीवर एक खळी होती, तिचा आम्हाला सहा वर्षांत पत्ताच नव्हता. मी कपाळावर हात मारला.

"नाना! माझी निम्मी शिडी राहिलीय अजून! कंटिन्युटीचं काय?"

"जाऊ द्या, मास्तर," नाना आत येत म्हणाले. "एवढं कोण बगतंय?"

तर असा आमचा 'शिडी' स्पर्धेत गेला. त्यात नायक दाढीसकट घरातून निघतो आणि शिडी घेऊन कोपऱ्यावर वळतो तेव्हा त्याचे गाल गुळगुळीत झालेले असतात. वाचनालयाच्या हॉलमध्ये हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडलं, "दाढी कुठं पडली रं वाटंत?" माझ्या शेजारचे नाना खुर्चीतून उठले आणि मागं वळून गरजले, "ओ पावणं, गप बसून पिक्चर बगा की!"

शेवटी मी चिंचेचा शॉट ठेवला होता. गोष्टीशी त्याचा काही संबंध नव्हता. परीक्षकांनीही नंतर तेच म्हटलं आणि आम्हाला उत्तेजनार्थसुद्धा दिलं नाही. पडद्यावर नाना चिंचेमागं गेले. झाड नुसतंच दिसत राहिलं. हॉलमधली कुजबुज हळूहळू थांबली. मग खोडाच्या पलीकडून आधी पितळेची कड चमकली, मग पाण्यानं भरलेली अख्खी घागर दिसली.

नानांनी माझा हात धरला. पडद्यावरची नजर न काढता ते हळूच म्हणाले, "आली."

"आली, नाना," मी म्हणालो.