प्लॅस्टिकच्या खिडक्या आणि गजभिये काका

वास्तुशांत असो की वाढदिवस, गजभिये काका कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करायचे. यजमान कानकोंडा होऊन उभा. काका कान लावून ऐकायचे, निकाल द्यायचे, "पुठ्ठा!" आणि मगच बूट काढायचे.

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात तेव्हा रोज नवी वसाहत उगवत होती आणि आम्हा कंप्युटरवाल्यांच्या तिथे उड्या पडत होत्या. काका आर्किटेक्ट, मूळचे नागपूरचे, पण पुढचं शिक्षण कम्युनिस्टांच्या काळातल्या प्रागमध्ये. त्यामुळे अमेरिकेतलं एकही घर त्यांना घर वाटत नसे. आमच्या दारातले पांढरे खांब पाहून म्हणाले, "हे काय छत धरून राहिले? छतच यायले धरून राहिलं!" खांब मी निवडले होते. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

घराचं त्यांच्याकडे एकच उदाहरण होतं: त्यांच्या प्राध्यापकांची नदीकाठची सुट्टीतली कॉटेज. "तिकडे सगळे सिमेंटच्या सरकारी खोक्यात राहायचे. बाहेरदेशी जायची बंदी. मग शनिवारी जंगलात जाऊन माणूस स्वतःचं घर ठोकायचा. घराचं मापही सरकारच ठरवायचं. दार मोडीतल्या रेल्वे डब्याचं, पायरी पुलाच्या उरल्या दगडाची. पण काय घर होतं, राजा!" आपापले डबे घेऊन जमायच्या प्रत्येक पॉटलकला हे आख्यान व्हायचं. आमची पोरं "नॉट द हट अगेन!" म्हणत वरच्या मजल्यावर पळायची.

ते कम्युनिस्टांचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली आणि कंपनीने मला प्रागला पाठवलं. काकांनी हाताने नकाशा काढून दिला. "फोटो आण. मग समजेल तुला घर काय असते ते."

फोटो आणला खरा, पण दाखवायची हिंमत होईना. रेल्वेचं दार गेलं होतं. प्लॅस्टिकच्या खिडक्या, छपरावर डिश अँटेना, भिंतींना गुलाबी रंग आणि अंगणात प्लास्टरचा सिंह! शेवटी काकाच घरी आले आणि फोटो मागून घेतला.

"सत्यानाश!" काका ओरडले. "स्वातंत्र्य भेटलं आन् यायनं प्लॅस्टिक आणलं! कोण गाढवानं केलं हे?"

"प्राध्यापकांच्या पत्नींनी," मी म्हणालो. "सर गेले. शहरातला फ्लॅट मुलाला देऊन त्या आता बारा महिने तिथेच राहतात. एकट्याच. जुन्या खिडक्यांतून थंडी यायची म्हणाल्या. तुमचं नाव सांगितलं तर जेवल्याशिवाय सोडलं नाही मला."

बायकोने पुढे केलेला चहा काकांनी घेतला नाही.

"तू पुण्याचा ना?" ते म्हणाले. "तिथं शिकताना खोलीसाठी दारोदार फिरलो मी. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. प्रागमध्ये पहिल्याच महिन्यात या बाईनं कॉटेजची किल्ली माझ्या हातात ठेवली. सुट्टीत कुठं जाशील, म्हणे. माझं आडनाव तिला धड म्हणताही येत नव्हतं."

आमच्या पुण्याच्या घरातही भाड्याने द्यायची एक खोली होती. माझी आई आधी आडनावच विचारायची.

काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"आता थंडी नाही ना लागत तिला?"

"नाही काका. आत छान ऊब होती."

"गुलाबी रंग," ते म्हणाले, "इतका काही वाईट नाही दिसत."