रंगनाथआण्णांची आडिशन

गेल्या उन्हाळ्यात रंगनाथआण्णांच्या दारात जो कोणी येई, त्याला पाण्याचा तांब्या मिळायच्या आधी खुर्ची मिळे. तो टेकला, की आण्णा त्याच्यापुढे उभे राहून बजावत, "आता तुमी परीक्षक. हसायचं न्हाई, रडायचं न्हाई, मोबाईल बघायचा न्हाई." आणि घराकडे तोंड करून हाक मारत, "पलू! ये भाईर! परीक्षक आले!"

परीक्षक म्हणजे कधी गॅसची टाकी आणणारा, कधी विजेचं मीटर बघायला आलेला पोरगेला वायरमन. एकदा मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला एक जोडपं आलं. त्यातल्या बाई काकुळतीनं म्हणाल्या, "आण्णा, अजून निम्मं गाव व्हायचंय हो." आण्णा म्हणाले, "दोनच स्वगतं हायती. गाणं ऱ्हाऊ द्या मग."

मी आण्णांच्या माडीवर भाड्यानं राहते. श्रीगोंद्याला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि स्नेहसंमेलनाचं नाटक दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. आण्णांची मुलगी पल्लवी त्या नाटकांत काम करायची. बारावीची परीक्षा संपली आणि तिनं घरात जाहीर केलं, की तिला पुण्याला नाटक शिकायचंय, त्याची पदवी असते आणि तिच्यासाठी ऑडिशन द्यावी लागते. आण्णा जेवत होते. त्यांनी भाकरी ताटात ठेवली आणि खरकट्या हातानंच जिना चढून माझ्या दारात आले.

"म्याडम, नाटकाची पदवी आसती?"

"असते की."

"आन ती घेऊन मानूस करतो काय?"

मला जेवढं सुचलं तेवढं सांगितलं. नाटकं, मालिका, शाळांमधून शिकवणं. आण्णांनी मान हलवली आणि खाली गेले. पुढचे दोन-तीन दिवस ते घरात कोणाशी बोलले नाहीत. उसात जायचे, गोठ्यात जायचे, परत उसात जायचे. मी मनाशी म्हटलं, संपलं आता. मग एका सकाळी मी कॉलेजला निघाले, तर ते फाटकाशी उभे. "म्याडम," म्हणाले, "त्या आडिशनला इचारत्यात काय काय?"

त्या दिवसापासून त्यांना चैन पडलं नाही आणि आम्हालाही पडू दिलं नाही.

आण्णा उंच, हडकुळे. एका जागी बसणं त्यांना मुळातच जमत नाही. चहासुद्धा ते अंगणात फेऱ्या मारत पितात, त्यामुळे कपबशी शेवटी कुठे सापडेल याचा नेम नसतो. पल्लवी म्हणायला लागली की ते तिच्याभोवती गोल फिरत. तिची वाक्यं त्यांनाही पाठ झाली होती. ते ओठ हलवत आणि कधीकधी तिच्या एक शब्द पुढे जात. ती वैतागून थांबायची. "आण्णा, मी म्हणते ना!"

"म्हन की मग. आडलीस कशाला?"

मुलाखतीची तयारी त्यांनी पूर्णपणे स्वतःकडे घेतली होती. बँकेत, तलाठ्याकडे आणि कारखान्याच्या शेतकी विभागात उभं राहून त्यांनी जो अनुभव कमावला होता, तो सगळा त्यांनी पल्लवीसाठी वापरला. "नाटकच का? शेती का न्हाई? ते इचारनारच." "भाऊ किती, भैनी किती? ते इचारनारच." "ह्याच्या आधी कुटं आर्ज केला हुता का आन तितं का नाकारला? ते इचारनारच." मी एकदा म्हटलं, की आण्णा, तुम्ही कधी नाटक पाहिलंय का, हे विचारतील. त्यांनी अंगणात एक फेरी मारली. मग म्हणाले, "तसलं कशाला इचारत्याल?"

ऑडिशनमध्ये आयत्या वेळी प्रसंग देतात आणि तो करून दाखवायचा असतो, हे मीच त्यांना सांगितलं. ती माझी चूकच झाली. आण्णा वेळी-अवेळी प्रसंग द्यायला लागले. पल्लवी धुणं वाळत घालतीय, की "पलू, समज, मोटर जळली." पल्लवी चुलीपाशी, की "समज, सासू आली." पल्लवीची आई, आमच्या काकू, स्वभावानं शांत. त्या एवढंच म्हणायच्या, "समज, ती भाकरी जळली."

एक दिवस दुपारी उसाच्या कडेला ते थांबले आणि म्हणाले, "पलू, समज, तू एकटी हायस आन उसात बिबट्या हाय." आमच्याकडं या प्रसंगाला फार कल्पना लागत नाही. पल्लवी दोन पावलं मागं सरकली. तिनं उसाकडे असं पाहिलं, की माझीसुद्धा नजर तिकडे गेली. आणि मग तिनं जी किंकाळी फोडली, ती अजून माझ्या कानांत आहे. शेजारच्या वस्तीवरून माणसं काठ्या, कोयते घेऊन धावत आली, एकजण तर ताट-पळी वाजवत आला. त्यांना खरं काय ते सांगायला मला तोंड नव्हतं. आण्णा मात्र एकेकाच्या पाठीवर थाप मारत हिंडत होते. "आलात न्हवं पळत? मंजे पास! आडिशन पास!" लोक काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गुरांच्या डॉक्टरांची गोष्ट तर सगळ्या वस्तीवर सांगतात. गाय गाभण आहे का ते बघायला ते आले होते. खांद्यापर्यंत हातमोजा, हात गायीच्या पोटात, आणि आण्णांनी पल्लवीला उभं केलं. "चालू दे तुमचं डॉक्टर, कान तर मोकळं हायती." पल्लवीनं स्वगत म्हटलं. डॉक्टर शेवटी म्हणाले, "छान आहे. सुरुवातीला जरा घाई होते." पल्लवीला ते पटलं. मलाही पटलं. आण्णा दिवसभर सांगत होते, "डाक्टरनी नेमकं धरलं." गाय गाभण होती.

हे सगळं चालू असतानाच दादांचा फोन आला. आण्णांचे थोरले भाऊ पारनेरला असतात. त्यांना सगळे दादा म्हणतात. ते बोलतात आणि बाकीचे ऐकतात, अशी त्या घराची रीत आहे. दादांनी पल्लवीसाठी स्थळ काढलं होतं. मुलगा बागायतदाराचा, शिकलेला. रविवारी पाहुणे येणार. आण्णा फोन कानाला लावून अंगणात फिरत होते आणि प्रत्येक वळणावर "व्हय दादा" म्हणत होते. फोन ठेवल्यावर पल्लवीनं विचारलं, "तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?" आण्णा पाणी बघून येतो म्हणून निघून गेले. ऑडिशन त्या रविवारनंतर चारच दिवसांनी होती. पल्लवी माझ्या खोलीत येऊन रडली. मलाही आण्णांचा राग आला.

रविवारी पाहुणे आले. दादा, मुलगा, मुलाचे वडील आणि आई. आई ठसठशीत, पदर डोक्यावर, कोणाकडे न बघता सगळं बघणाऱ्या. पोहे झाले, चहा झाला. पल्लवी साडी नेसून येऊन बसली. मुलाच्या वडिलांनी नाव, शिक्षण विचारलं. स्वयंपाक येतो का विचारलं. मग आण्णा उभे राहिले. म्हणाले, "पाव्हनं, पोरीला अजून एक येतं. ते बी बघा. हसायचं न्हाई, रडायचं न्हाई. पलू, किल्ल्यांचं म्हन."

दादांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "रंगा, हे काय?"

आण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "म्हन, पलू."

ते स्वगत मीच तिला लिहून दिलं होतं. वीस वर्षं संसार केलेली बाई घराच्या किल्ल्या सासूच्या पुढ्यात ठेवते. पल्लवी उठली. तिनं पदर खोचला आणि कमरेच्या नसलेल्या जुडग्यातून एकेक किल्ली काढत बोलायला लागली. ही कोठीची. ही कपाटाची. ही देवघराची. त्या दिवशी तिनं अजिबात घाई केली नाही. शेवटचं वाक्य आलं, "तुमच्या घरात मी सगळं उघडलं, आत्याबाई. तोंड तेवढं उघडायचं राहिलं होतं."

मुलगा खाली बघत होता. दादा लालबुंद झाले होते. मुलाच्या आईनं हातातली बशी हळूच खाली ठेवली.

"परत एकदा म्हन गं," त्या म्हणाल्या.

पल्लवीनं परत म्हटलं. पुरुषमंडळींना तेही ऐकावं लागलं. ते संपल्यावर बाई उठल्या, पदर सारखा केला आणि दादांना म्हणाल्या, "पोरगी गुनाची हाय. पर एवढ्यात लगीन नगा करू हिचं." त्यांचे यजमान काही म्हणायला गेले, पण त्या उंबऱ्याबाहेर पडल्यासुद्धा होत्या. जाता जाता त्यांनी पल्लवीच्या गालावरून हात फिरवला.

दादा पुढे कितीतरी वेळ आण्णांना बोलत होते. आण्णा ऐकून घेत होते. मी काकूंना स्वयंपाकघरात विचारलं, "हे ठरवून केलं त्यांनी?"

काकू भांडी विसळत होत्या. "ठरवून का कसं, मला न्हाई ठाव. पर जल्मात थोरल्या भावाला न्हाई म्हनलेले न्हाईत ते. तोंडानं न्हाई येत त्यांना ते. रात्रभर झोपले न्हाईत."

ऑडिशनला आम्ही तिघं पुण्याला गेलो. कॉलेजच्या लांबट ओसरीत पन्नास-साठ मुलं-मुली भिंतीकडे तोंड करून आपापलं पुटपुटत होती. आण्णांनी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी उघडली आणि त्या ओसरीत वाटत फिरायला लागले. शेंगा घेणाऱ्याला विचारत, "तू काय म्हननार हायस?" लातूरकडचा एक सावळा मुलगा होता, त्यानं त्यांना सगळं म्हणून दाखवलं. आण्णा माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. "म्याडम, ह्यो लई भारी हाय. आपल्यापरीस भारी हाय." आणि परत जाऊन त्याला पाणी देऊन आले. "घसा कोरडा पडला हुता त्याचा," म्हणाले.

पल्लवी आत गेली. आण्णा जिन्यानं खाली गेले, वर आले, परत खाली गेले. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि एका मुलानं विचारलं, "पल्लवीचे पालक? मॅडमनी आत बोलावलंय." आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. इतका घाबरलेला माणूस मी क्वचित पाहिला असेल. टोपी सारखी करत ते आत गेले.

आत काय झालं ते पल्लवीनं मला नंतर सांगितलं. आण्णांनी तयार केलेला एकही प्रश्न कोणी विचारला नव्हता. टेबलापलीकडच्या बाई म्हणाल्या, "काका, मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार. तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?"

उत्तरंच घेऊन गेलेला तो माणूस. त्याच्याकडे प्रश्न नव्हता. आण्णांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "हितं पोरगी चुकली तर तुमी काय करता?"

"म्हणजे?"

"मंजे, आमच्यात चुकलं की लोक लई दिवस ध्यानात ठिवत्यात. हितं कसं हाय?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इथं रोजच चुकतात काका सगळे. दुसऱ्या दिवशी परत करून बघतात."

आण्णा "बरं" म्हणाले आणि बाहेर आले.

पंधरवड्यानं यादी लागली. पल्लवीचं नाव होतं. लातूरच्या मुलाचंही होतं, ते आण्णांनी आधी शोधलं. वस्तीवर पेढे वाटले. गुरांच्या डॉक्टरांकडे आण्णा स्वतः जाऊन आले. आणि मग ते दिसेनासे झाले. जेवायला यायचे, परत उसात जायचे. पाऊस लांबला होता, कामही फारसं नव्हतं. एक दिवस संध्याकाळी काकू म्हणाल्या, "म्याडम, बघा हो जरा कुटं हायती. च्या निवला."

मी बांधानं गेले. विहिरीच्या पलीकडे आण्णा पाठमोरे उभे होते. समोर कोणी नव्हतं. ते बोलत होते. "बरं, येतो मी. जेवत जा येळेवर." थांबले. मान झटकली. मग मोठ्यानं, हसत हसत, "बरं का पलू, येतो मी! जेवत जा येळेवर!" तेही त्यांना पटलं नसावं. तिसऱ्यांदा "बरं, येतो" एवढंच म्हटलं आणि पुढचं आलंच नाही. टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं.

माझ्या पायाखाली उसाचं वाळकं पाचट वाजलं. ते दचकून वळले. "मोटर बघाया आल्तो," म्हणाले.

"चहा झालाय," मी म्हटलं.

पल्लवीला पोचवायला आम्ही गेलो तेव्हा आण्णांनी वसतिगृहाच्या खोलीची कडी लावून पाहिली, खिडकीचे गज ओढून पाहिले, नळ सोडून पाहिला. तिच्या खोलीतल्या मुलीला शेंगा दिल्या. मग करण्यासारखं काही उरलं नाही. फाटकाशी पल्लवी उभी राहिली. आण्णा तिच्यासमोर उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. पल्लवी वाट बघत होती. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. शेवटी तिनंच वाकून त्यांच्या पायांना हात लावला. आण्णा वळले आणि मला म्हणाले, "चला म्याडम, एष्टी चुकंल." आणि असे भराभर चालायला लागले, की मला पळावं लागलं.

खिडकीची जागा त्यांनी घेतली. कंडक्टर येऊन गेला. कोणीतरी मागं मोबाईलवर गाणी लावली होती. हडपसर मागं पडलं, गर्दी विरळ झाली आणि बसनं वेग घेतला.

"जेवत जा येळेवर," आण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले.