आप्पांचं लाल कुलूप

आमचे आप्पा, म्हणजे माझे सख्खे चुलते, कुठल्याही यंत्रासमोर गेले की आधी विचारतात, "बंद करायचं बटण कुठंय?" पिठाची गिरणी असो, लिफ्ट असो, रसवंतीचा चरक असो. बटण दिसल्याशिवाय पाऊल पुढं पडत नाही. शिरूरच्या एका लग्नात त्यांनी पॉपकॉर्नवाल्याचं इतकं डोकं खाल्लं की तो मशीन उचलून मांडवाच्या पलीकडं गेला.

सणसवाडीच्या कारखान्यात वेल्डिंगच्या रोबोटवर त्यांनी सव्वीस वर्षं काढली. रोबोटभोवती जाळीचा पिंजरा असतो. दुरुस्तीला आत जाणाऱ्यानं मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात टाकून आत शिरायचं, म्हणजे बाहेरून कुणाला रोबोट चालू करता येत नाही. बाहेर आल्यावर कुलूप काढायचं तेही त्यानंच. रिटायर होताना आप्पांनी आपलं लाल कुलूप मागून घरी आणलं.

अशा माणसाच्या बायकोच्या हृदयाची झडप बिघडावी आणि पुण्याच्या डॉक्टरांनी "रोबोटनं करू" म्हणावं, हे माझंच नशीब. कारण गाडी माझी.

आमच्या कवठ्याहून पुण्याला तीन खेपा झाल्या. काकूला चार पावलांत धाप लागत होती आणि आप्पा संमतीच्या कागदावर नातेवाईकाच्या जागी सही करेनात. डॉक्टर बिचारे समजावत होते, "छाती उघडायला नको, बरगड्यांमधून बारीक छिद्रं पाडू. रोबोट आपल्या मनानं काही करत नाही, मी बाजूला बसून त्याचे हात हलवतो." यावर आप्पा म्हणाले, "ग्रीस कवा घातलं व्हतं? लाईट गेली तर हात जागंवर थांबतो का खाली पडतो?" मला तोंड लपवायला जागा नव्हती.

तिसऱ्या खेपेला पार्किंगमध्ये माझा पारा चढला. "आप्पा, काकू मरायची वाट बघताय का?"

ते म्हणाले, "सव्वीस वर्षं पोरांना एकच शिकवलं. माणूस आत असताना रोबोट चालू करायचा न्हाई. आन् आता मीच सही करू, हिला आत ठिवून चालू करा म्हणून?"

गाडीतून काकू म्हणाली, "करा सही. येते की मी बाहेर."

ऑपरेशनच्या दिवशी आप्पा कुलूप घेऊन हजर. मशीनला लावू द्या म्हणून त्यांनी नर्सशी हुज्जत घातली. तिनं हाकलल्यावर बाहेरच्या बाकड्याच्या दांडीला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून बसले. चहालासुद्धा उठले नाहीत.

दुपारी डॉक्टर सांगून गेले, सगळं नीट झालं. मी म्हटलं, "काढा आता ते."

"जो आत गेला त्यानं काढायचं."

पाच दिवस कुलूप तिथंच. वॉचमन माझ्यावर ओरडायचा, झाडणारी मावशी माझ्यावर ओरडायची, आप्पांना कुणी काही बोलायचं नाही.

सहाव्या दिवशी काकू नर्सचा हात धरून चालत आली. आप्पांनी किल्ली पुढं केली. तिनं कुलूप उघडलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "आले की बाहेर," म्हणाली. आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. इतके दिवस मी ज्याला हट्ट समजत होतो ती भीती होती, आणि मला माझीच लाज वाटली.

मग लिफ्ट आली. आप्पांनी बटण विचारलं नाही. काकूचा दंड धरून ते सरळ आत शिरले.