विठाची गोळी

धर्मराज आण्णांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि पहिला बळी गेला तो दातांच्या ब्रशचा. तो कडक आहे म्हणून सुनेने, माधवीने, फेकून दिला आणि लहान मुलांचा मऊ ब्रश आणला. त्यावर ससा होता. सशानेही रक्त थांबेना, उलट दंडावर काळेनिळे डाग उठले, तेव्हा मुलगा अभिजीत त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला.

आण्णांच्या हृदयाची झडप बदललेली. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. तपासणीत रक्त फारच पातळ निघालं.

"असंच चाललं तर डोक्यात रक्तस्राव व्हायचा," डॉक्टर म्हणाले. "दुसरी एखादी गोळी घेता का?"

"माझी दुसरी गोळी नाही," आण्णा म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली आणि घर कामाला लागलं. लसणाने रक्त पातळ होतं असं अभिजीतने मोबाइलवर वाचलं. लसूण हद्दपार झाला. कात्रपहून आण्णांची बहीण कुमुदिनी आली. "हिरवं त्या गोळीला चालत नाय रे दादा, माझ्या जावेच्या भावाला विचार!" म्हणत तिने मेथी-पालकही बंद करून टाकलं. बिनलसणाची आमटी खाऊन अभिजीतचा चेहरा असा उतरला, की आजारी नक्की कोण ते कळेना.

पुढच्या तपासणीत रक्त आणखी पातळ. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पालेभाज्या एकदम बंद केल्या, म्हणून वाढलं! पण मुळात बिघडलं कशाने?"

ते माधवीला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. ती लवकर उठून स्वयंपाकघरात आली, तर आण्णा डबा उघडून ओट्याशी उभे.

"विठा, गोळी घेतलीस का?" ते म्हणाले. जरा थांबले. मग हातातली गोळी स्वतःच गिळली आणि चहाचं आधण ठेवलं.

विठा म्हणजे माधवीची सासू. पावसाळ्यात वारली. जन्मभर तिखट खायची आणि ॲसिडिटीची गोळी विसरायची, म्हणून आण्णाच तिला चहाआधी विचारत.

"आण्णा, ही तर आईंची गोळी!"

"तिचीच," ते म्हणाले. "आधी नुसतंच विचारायचो. उत्तर येत नाही, गोळी हातात राहते. टाकून कशी द्यायची गं?"

माधवीला रडूच कोसळलं. आण्णा बावरले आणि त्यांनी तिलाही चहा ओतला.

"ही गोळी रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर वाढवू शकते," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तर दुसरी गोळी नाही म्हणालात!"

"माझी नव्हतीच."

डॉक्टर हसले, अभिजीत हसला नाही, तसं डॉक्टरांनीही हसू आवरलं. "तिची बंद करा," ते हळूच म्हणाले. "तुमची मात्र मी सांगतो तशीच घ्यायची."

आता राहिला भूपेश. अंबरनाथच्या फॅक्टरी वसाहतीतलं क्वार्टर सोडून वर्षं झाली, तरी आण्णा औषधं तिथल्याच भूपेशच्या मेडिकलमधून आणत. विठा गेल्याची बातमी तिथवर पोचलीच नव्हती. ती गेल्यानंतर पहिल्यांदा भूपेशने सवयीने "ही तुमची, ही काकूंची" करत दोन्ही पुढे केल्या, तेव्हा दुकानात गर्दी होती. आण्णांनी दोन्हींचे पैसे दिले. पुढे मग कोणत्या तोंडाने सांगायचं?

आजही त्याने दोन्ही काढल्या.

"माझीच दे फक्त," आण्णा म्हणाले. "तिची डॉक्टरांनी बंद केली."

"अरे वा! म्हणजे काकू एकदम फिट?"

आण्णांनी काउंटरची कड धरली. "हो. आता जळजळ नाही, काही त्रास नाही."

"बेस्ट! पण त्यांना सांगा हां काका, तिखट सांभाळून. परत चालू नको व्हायला."

"सांगतो," आण्णा म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी चहाचं आधण ठेवताना त्यांनी तिला खरंच सांगितलं.