मुरोताकाकांचा सत्कार

माझी बायको मीना ऑक्टोबरमध्ये एका मंगळवारी गेली. शुक्रवारी अंत्यविधी झाला. शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली. कॅलिफोर्नियाहून आलेल्या माझ्या मुलाने दार उघडलं आणि आत येऊन मला म्हणाला, "बाबा, देअर इज अ मॅन विथ शूज."

दारात शेजारचे मुरोता उभे होते. हातात फुटबॉलचे बूट, तेही माझ्या मापाचे. माप त्यांनी दाराबाहेरच्या माझ्या चपला बघून ठरवलं होतं, हे नंतर कळलं. ते कमरेत वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले, मग सरळ होऊन आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाले, "फार वाईट झालं. फार वाईट. पण आपल्याकडे राइट बॅक नाही."

राइट बॅक म्हणजे संघाच्या मागच्या रांगेत उजव्या कडेला उभा राहणारा बचावपटू. माझं वय सहासष्ट. आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेलं. आजवर चेंडूला पाय लागला असेल तर चुकून. त्या आठवड्यात लोकांनी मला आत्मा अमर असल्याचं सांगितलं होतं, काळ हेच औषध असल्याचं सांगितलं होतं, आणि फ्रिजमध्ये मावणार नाही इतका वरणभात आणून दिला होता. एक जागा रिकामी आहे, तिथे या, असं कोणीच म्हटलं नव्हतं. मी इतका गोंधळलो की बूट घातले आणि गेलो.

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावच्या मराठी मंडळाचा एक फुटबॉल संघ आहे. इथे या खेळाला सॉकर म्हणतात, पण आमच्या तोंडी फुटबॉलच. संघात पुण्या-नागपूरचे सॉफ्टवेअरवाले. वय चाळिशीच्या पुढे, पोटं त्याच्याही पुढे. मुरोता या संघाचे मॅनेजर होते. मंडळात मॅनेजर नसलेला माणूस शोधावाच लागतो, पण फुटबॉलचा मॅनेजर हा एकच.

त्यांना कोणी नेमलं नव्हतं. जपानहून ते मुलीकडे राहायला आले, रोज सकाळी शाळेच्या मैदानाभोवती फिरायला लागले. दोन शनिवार त्यांनी कडेला उभं राहून आमच्या लोकांचा खेळ पाहिला. तिसऱ्या शनिवारी ते सरळ मैदानात शिरले, आमच्या विनयचं कोपर धरलं आणि त्याला हातभर मागे नेऊन उभं केलं. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. कोणी त्यांना "तुम्ही कोण?" असं विचारलं नाही. मराठी माणूस फेसबुकवर वाटेल त्याला वाटेल ते बोलतो, समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला मात्र काही बोलू शकत नाही. महिन्याभरात सगळे त्यांना मुरोताकाका म्हणायला लागले आणि ते मॅनेजर झाले.

त्यांची कारकीर्द त्यांनी मला हप्त्याहप्त्याने सांगितली. आधी एका कारखान्याच्या संघात, सकाळी मशीनवर आणि दुपारी मैदानावर. मग व्यावसायिक लीगमध्ये. बचावपटू म्हणून सगळी वर्षं खेळून त्यांनी एकच गोल केला, तोही स्वतःच्याच संघावर. हा गोल ते अजून तपशीलवार सांगतात, वाऱ्याच्या दिशेसकट. पुढे दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबचे ते मॅनेजर झाले. क्लब हरेना. जिंकेनाही. सामन्यामागून सामना शून्य-शून्य. शेवटी प्रेक्षकांनी एक लांबच लांब कापडी फलक आणला : 'मुरोता, मरण्यापूर्वी एक गोल दाखवा.' त्या फलकाचा फोटो त्यांनी फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावला आहे. इतर लोक त्या जागी ट्रॉफ्या ठेवतात.

"गोल म्हणजे काय?" ते विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "कोणाची तरी चूक. आपण चूक करायची नाही. दुसऱ्यालाही करायला लावायची नाही. बिचारा तोही घरून आला आहे."

त्यांच्या सरावात पहिली गोष्ट गायब झाली ती चेंडू. "बॉल गाडीत ठेवा. बॉल असला की तुम्ही बॉलकडे बघता." मग आम्ही चेंडूशिवाय डावीकडे सरकायचो, चेंडूशिवाय उजवीकडे सरकायचो आणि "मागे!" अशी हाक आली की मागे जायचो. 'मागे' हा त्यांनी शिकलेला पहिला मराठी शब्द. दुसरा 'सावकाश'. तिसऱ्याची त्यांना गरज पडली नाही.

मागच्या चौघांमधलं अंतर कायम राहावं म्हणून ते आमच्या कमरांना एकच दोरी बांधायचे. मी, विनय, नागपूरचे डॉक्टर बापट आणि एक टेस्टिंगवाला, असे चौघे एका दोरीत. एकदा विनयचा फोन वाजला. तो त्या आठवड्यात ऑनकॉल होता. "सर्व्हर डाउन!" म्हणून तो लॅपटॉप आणायला पार्किंगकडे धावत सुटला आणि त्याच्यामागून आम्ही तिघे.

"अरे विन्या, गाठ सोड!" डॉक्टर बापट ओरडत होते. "माझं हिप रिप्लेसमेंट आहे, गाढवा!"

"डॉक्टर, प्रॉडक्शन इश्यू आहे यार!"

मुरोता कडेला टाळ्या वाजवत होते. आम्ही चौघे गाडीपर्यंत एका सरळ रेषेत पोचलो होतो. "परफेक्ट लाइन," ते म्हणाले. वर्षभरात त्यांनी केलेली ही एकमेव स्तुती.

ही शिस्त मैदानापुरती असती तरी चाललं असतं. पण मंडळाच्या जेवणाला ते आले की वाढपाच्या टेबलांसमोर विचारात पडायचे. मग कुलकर्णीकाकूंना कोपराला धरून बाजूला करायचे. "भात फार पुढे आहे. मधे भोक पडतं." काकू आधी संतापल्या, पण त्या दिवशी रांग खरोखरच भरभर सरकली. तेव्हापासून त्या त्यांना जास्तीचा श्रीखंडाचा वाडगा द्यायला लागल्या आणि आम्हाला वेगळेच संशय यायला लागले.

सामन्यांचं काय झालं ते सांगायला नकोच. सगळ्या उन्हाळ्यात आम्ही एकही सामना हरलो नाही आणि एकही जिंकलो नाही. आधी बायका यायच्या बंद झाल्या. मग मुलं. विनयची आठ वर्षांची मुलगी शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, नथिंग हॅपन्स!" मुरोतांचा चेहरा उजळला. ते तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "नथिंग हॅपन्स. करेक्ट! तुला कळलं. तुझ्या बाबांना अजून नाही."

मंडळांच्या स्पर्धेतून आम्ही एकही गोल न खाता बाहेर पडलो. गोलच न करणाऱ्याला पुढच्या फेरीत घेत नाहीत. त्यानंतर अध्यक्ष प्रसादने समितीची बैठक बोलावली. विषय एकच, मुरोतांना काढायचं. प्रसादच्या ऑफिसातल्या रोहितने प्रशिक्षकाचा ऑनलाइन कोर्स केला होता आणि त्याच्याकडे टॅबलेट होता.

"पण त्यांना सांगणार कोण?" प्रसादने विचारलं. सगळे समोशाकडे बघायला लागले.

मग आमच्या समाजात अशा वेळी जे करतात तेच ठरलं. सत्कार. माणूस नको झाला की आपण त्याला शाल देतो. शाल अंगावर पडली की शहाण्याने समजायचं. अनेक प्राध्यापक, संपादक आणि सासरे आपण याच मार्गाने घरी पाठवले आहेत. मानपत्र अर्थातच मी लिहायचं होतं, कारण मी पुस्तकं वाचलेला माणूस.

"काका, छान लिहा," प्रसाद म्हणाला. "फक्त सगळं भूतकाळात ठेवा."

गणपतीत शाळेच्या कॅफेटेरियात दुपारी सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. प्रसादने इंग्रजीत भाषण केलं आणि 'फॉरएव्हर ग्रेटफुल' असं इतक्या वेळा म्हटलं की ऐकणाऱ्याला आपण वारलो आहोत असं वाटावं. मुरोता प्रत्येक वाक्याला वाकत होते. रोहितने त्यांच्याबरोबर सेल्फी काढला. समितीच्या चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचं समाधान होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही मैदानावर गेलो तर मुरोता आधीच हजर. दोरी सोडवत बसलेले. अंगावर शाल, कारण सकाळी गारठा होता.

"अरे, यांना कळलंच नाही!" प्रसाद माझ्या कानात म्हणाला. रोहित टॅबलेट घेऊन गाडीतच बसून राहिला. थोड्या वेळाने मुरोतांनी काच ठोठावून त्याला बाहेर काढलं आणि चौघांच्या दोरीत पाचवा म्हणून बांधलं. आणखी दोन शनिवार हेच झालं. शेवटी प्रसादने मला बाजूला घेतलं.

"काका, प्लीज. तुम्ही शेजारी आहात. नीट समजावून सांगा. रोहित सोडून जाईल हो."

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. मुलगी लॅबमध्ये होती. ती रविवारीही लॅबमध्येच असते. फलकाच्या फोटोखाली फळीवर आमचा नारळ ठेवला होता. सत्काराच्या नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी होते, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. त्यांनी चहा ओतला. मी वाक्य तयार करून नेलं होतं.

"तुम्हाला पाठवलं," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी नारळाकडे बोट केलं. "आमच्याकडे फुलं देतात. शेवटच्या मॅचनंतर मोठा गुच्छ दिला. सगळे वाकले, मी वाकलो. फुलं घेतली म्हणजे पुन्हा यायचं नाही. तिथे हे कोणी सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं."

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं?"

"शाल बघितल्याबरोबर."

मी चहा प्यायलो. त्यांनी माझा कप पुन्हा भरला.

"तेव्हा ती फुलं घेऊन घरी गेलो," ते म्हणाले. "बायको आधीच गेली होती. सकाळी उठून क्लबच्या गेटपर्यंत जायचो. आतून शिट्टी ऐकू यायची. कोण चुकीचा उभा आहे ते बाहेरून कळायचं. मग परत यायचो. पुष्कळ दिवस. वॉचमन ओळखीचा होता, त्यानेही आत बोलावलं नाही. बरोबरच होतं त्याचं." मग ते थोडं हसले. "तुमच्या मैदानाला गेट नाही."

मीनाचा चष्मा अजून खिडकीत होता, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनाही सांगितलं नाही.

"त्यांना तुम्ही नको आहात," शेवटी मी म्हणालो. सांगायला आलो होतो ते निदान बोलून झालं.

"माहीत आहे."

"मग मी त्यांना काय सांगू?"

मुरोतांनी सामन्याआधी समोरच्या संघाकडे बघत करावा तसा जरा विचार केला.

"सांगा, म्हाताऱ्याला कळलं नाही."

मी तसंच सांगितलं. प्रसादने डोक्याला हात लावला. "आता काय, परत सत्कार करायचा?" डॉक्टर बापट म्हणाले, "या वेळी पुतळाच उभारा. पुतळा झालेला माणूस फिरकत नाही." पण दुसरी शाल द्यायला कोणीच तयार होईना, आणि तोंडाने सांगायला तर नाहीच. दोन बैठका झाल्या, समोसे संपले, आणि मंडळाने दोन संघ केले. रोहितचा संघ पुढे-पुढे खेळतो. मागच्या स्पर्धेत त्याने पाच गोल केले आणि नऊ खाल्ले. मुलं पुन्हा बघायला येतात.

ज्यांना रोहितने घेतलं नाही ते मुरोतांकडे आहेत. डॉक्टर बापट, विनय, टेस्टिंगवाला, मी, आणि अलीकडे दोन नवे, त्यांतला एक नुकताच नोकरी गेलेला. आमचं नाव कुठल्याच स्पर्धेत नाही. बर्फ पडला की शाळेची जिम मिळते, एरवी मैदानाचा खालचा कोपरा. आम्ही चेंडू न घेता एका ओळीत डावीकडे सरकतो, उजवीकडे सरकतो. कोणी आला नाही तर मुरोता त्याच्या घरी जाऊन बेल वाजवतात.

मुलगा फोनवर विचारतो, "बाबा, वीकेंडला काय करता?" शनिवारी सकाळी मला जायचं असतं, एवढं मी त्याला सांगू शकतो.