खाडेसाहेबांची जेवणापुरती हजेरी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले खाडेसाहेब फेब्रुवारीत वारले आणि मार्चपासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जेवायला येऊ लागले.

साहेब इमारतींचे इंजिनिअर. खांब किती जाड, बीममध्ये सळ्या किती, ते ठरवायचं काम. आयुष्यभर त्यांनी कामं मिळवली ती घरच्या जेवणावर. आर्किटेक्ट, ठेकेदार असे तिघे-चौघे बोलवायचे, पण टेबलाला सहाच्या वर माणूस नाही. "सातवा आला की सभा होते, वहिनी," मला म्हणायचे. त्यांची एकुलती एक लेक ऊर्मिला त्याच कामात शिकून तयार झालेली. या लोकांशी तिची ओळख करून द्यायची राहिली आणि साहेब गेले. म्हणून नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी मृत्यूच्या दाखल्यावर शेरा मारला: 'ओळखी सोपवणे बाकी. तोवर जेवणापुरती हजेरी मंजूर.' पाहुणे मुलीशी थेट बोलू लागले की हजेरी बंद. दाखला मी स्वतः वाचलाय, फ्रिजवर लावलेला होता.

चार जेवणं झाली. मी दही लावून न्यायची आणि त्या निमित्तानं स्वयंपाकघरात थांबायची. साहेब जेवत नसत, पण ताट वाढावं लागायचं. पाहुणे आधी जरा अवघडून बसत, मग कामाचं विचारत, तेही साहेबांनाच.

"ऊर्मिलाला विचारा, तिला माझ्यापेक्षा जास्त येतं," साहेब म्हणत.

"भाजी घ्या ना," ऊर्मिला म्हणायची. संपलं. पाहुणे हात धुवायला उठले की साहेब दिसेनासे होत.

जूनच्या जेवणानंतर ती भांडी घासत होती, तेव्हा मी तिला गाठलं. "पोरी, तुला बोलता येत नाही होय गं?"

"येतं की, काकी."

"मग?"

तिनं नळ बंद केला. "मी बोलले की बाबा यायचे थांबतील."

"आणि काम? चार महिन्यांत एक नकाशा आला नाही तुझ्याकडे. ऑफिसचा गाळा सोडायची वेळ आली."

"सुटू दे. महिन्यातून दोन तास बाबा मिळतात मला." मग म्हणाली, "त्यांना सांगू नका हं."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे तिला माहीत असायला हवं होतं. जुलैत ती पाहुण्यांना आणायला खाली गेली, तेवढ्यात मी सांगून टाकलं. साहेबांनी ताटातल्या भाकरीकडे बोट केलं.

"भाकऱ्या कुणी केल्यात?"

"तिनंच."

"कडा जमल्यात आता," म्हणाले.

जेवता जेवता पोवार ठेकेदारांनी विषय काढला. "साहेब, शाळेच्या कामावर ड्रेनेजचा पाईप न्यायचाय, मधी बीम येतीय. भोक पाडू का?"

"पाडा की. अगदी खांबाला लागून पाडा. सळ्या आडव्या आल्या तर कापून टाका."

ऊर्मिलाच्या हातातली आमटीची वाटी टेबलावर आपटली. "बाबा! शाळा आहे ती!"

"असू दे. काही होत नाही."

"काही होत नाही? पोवारकाका, हात लावायचा नाही तिथं. खांबाजवळच सगळा ताण असतो. पाईप खालून वळवा. थांबा, दाखवते." तिनं पेन्सिल आणि कागद ओढला, उष्ट्या हातानंच.

"मग मधोमध चालंल का, मॅडम?" पोवारांनी विचारलं. पलीकडून आर्किटेक्ट शिंत्रेबाईंनीही ताट बाजूला सारलं. "ऊर्मिला, तिथं बीमची उंची किती धरायची?"

ती एकेकाला उत्तर देत गेली. मी दाराशी उभी होते. साहेबांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. मी दही ठेवायला पुढं गेले, तर साहेबांची खुर्ची रिकामी.

ऊर्मिला बोलतच होती. नीट दिसेना म्हणून पोवार उठले आणि त्या खुर्चीवर येऊन बसले. तेव्हा तिनं मान वर केली. पोवारांकडे बघितलं, त्यांच्यापुढच्या न विस्कटलेल्या ताटाकडे बघितलं.

"पुढं, मॅडम?" पोवार म्हणाले.

"पुढं..." ती म्हणाली. तिनं पेन्सिल पुन्हा कागदावर टेकवली. "खांबापासून पाईपचं अंतर किती आहे, ते उद्या मोजून आणा."