सबनीस भाऊजींचं घोडं

सबनीस भाऊजींनी गेल्या दसऱ्याला ग्राफिक्स कार्डाला हळदकुंकू वाहिलं. हसू नका. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्याला कानटोपी, तिच्यावरून हेडफोन आणि समोर पोट उघडं टाकलेला कॉम्प्युटर. मी तिथे होते हो, प्रसादाचा शिरा मीच करून नेला होता.

इथे अमेरिकेत, ट्रॉय गावात आमच्या घराला लागून त्यांचं घर. जन्मभर गाड्यांच्या कंपनीत इंजिनं थंड ठेवायचं काम केलं आणि तिथून एक वाक्य घरी आणलं, "घोडं कुठे अडतंय ते आधी बघा." मंडळाच्या जेवणाची रांग हलेना, की भाऊजी ताट घेऊन थेट रांगेच्या तोंडाशी. "वहिनी, पोळ्यांपाशी अडतंय. चिमटा एकच ठेवलाय!" माझ्या आमटीलाही तोच न्याय. "बाकी सगळं जमलंय, घोडं गुळापाशी अडलं." त्यांची बायको सुमन, माझी मैत्रीण, सांगायची की लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा अंतरपाटाआडून यांनी भटजींनाही हेच विचारलं होतं.

सुमन गेली आणि घर गप्प झालं. लांब प्लेनो गावी राहणाऱ्या लेकीकडे फोन तीच करायची. तासभर बोलून झालं की शेवटी फोन भाऊजींच्या हातात. "काय ईरा, अभ्यास?" नात म्हणायची, "गुड, आजोबा." संपलं. सुमनच्या मागे फोनवर तेवढंच उरलं.

मग एका सुट्टीत ईरानंच त्यांना आपला कॉम्प्युटरवरचा खेळ शिकवला. मोठं रान, डोंगर, लांडगे. ती तिकडून तलवार चालवणार, हे इकडून तिचं सामान वाहणार. दर रविवारी सकाळी. "मी हमाल आहे, वहिनी," असं मला ऐटीत सांगायचे. कंपनीत मॅनेजर झाले तेव्हाही इतके फुगले नव्हते.

पण त्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. चित्र मध्येच थिजायचं. भाऊजी ओशाळून "तू हो पुढे गं" म्हणायचे आणि मशीन बंद करायचे.

"पोर कंटाळेल हो," एकदा मला म्हणाले. "लढाईत हमालासाठी कोण थांबतं? आणि हा खेळ सुटला तर आम्ही बोलायचं कशावर?"

झालं, घोडं शोधणं सुरू. मेमरी वाढवली. हललं नाही. प्रोसेसर बदलला. दोन पावलं चाललं. मग ग्राफिक्स कार्ड. ईरानं बजावलं होतं, "आजोबा, आधी मेझर करा." हे म्हणाले, "मला शिकवतेस? मी इंजिनियर आहे." कार्ड आलं ते विटेएवढं, कॉम्प्युटरच्या डब्यात मावेना. भाऊजींनी गॅरेजमध्ये नेऊन डब्याचा पत्राच कापला. मावलं, तर त्याला वीज पुरेना. मग पॉवर सप्लाय नवा. असं करत करत दसरा उजाडला.

सोनं म्हणून अंगणातली मेपलची पिवळी पानं ठेवली. आमचे हे म्हणाले, "अरे सबनीस, बंद तरी कर तो."

"बंद इंजिनाची कसली पूजा?" म्हणत भाऊजींनी कुंकवाची भरघोस चिमूट वाहिली. आत पंखे गरगरत होते. एका क्षणात कार्ड लाल, कानटोपी लाल, आमचे हे लाल, माझा शिरासुद्धा लाल. आणि स्क्रीन काळा.

रविवारपर्यंत भाऊजी दाढीच्या ब्रशानं एकेक फट झाडत बसले होते. सकाळी मला बोलावणं आलं. "वहिनी, याच. नाही चालू झालं तर एकट्याला बघवायचं नाही."

चालू झालं की! रानातलं पान न् पान हलत होतं. ईराची तलवारवाली टुणटुण उड्या मारत ओढ्यावरच्या ओंडक्यावरून पलीकडे गेली. भाऊजींचा हमाल निघाला आणि धपकन पाण्यात. पुन्हा निघाला, पुन्हा पाण्यात. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. बोटं कापत होती.

"मशीन झकास आहे, वहिनी," ते हळूच म्हणाले. "घोडं इथे अडतंय. याचा पार्ट मिळत नाही." मग ईराला म्हणाले, "तू हो पुढे, बाळा. मी बंद करतो."

"नो, आजोबा! बंद नका करू!" ईरा इतकी ओरडली की हेडफोनमधून मलाही ऐकू आलं. भाऊजींनी दचकून आवाज स्पीकरवर टाकला. "तुम्ही बंद करता ना, तरी तुमचा माणूस गेममध्ये तिथेच उभा राहतो. लाइक अ स्टॅच्यू. मग लांडगे येतात आणि मला लंचपर्यंत त्यांना मारत बसावं लागतं."

"म्हणजे? तू पुढे जात नव्हतीस?"

"तुम्हाला सोडून? आजोबा, सगळं जेवण तुमच्याकडे आहे!"

बंद करायला पुढे केलेला हात भाऊजींनी मागे घेतला. पलीकडे तलवारवाली पाय सोडून काठावर बसली. "सावकाश या. आय ॲम राइट हियर."

हमाल पुन्हा ओंडक्यावर चढला. एकेक पाऊल टाकता टाकता भाऊजींनी आपला तोच प्रश्न विचारला, "काय ईरा, अभ्यास?"

आणि पोर बोलायला लागली. केमिस्ट्री, कुणीशी रुसलेली मैत्रीण, आईची कटकट, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. मी चहा टाकून आले तरी चालूच होतं.

कप ठेवताना मी वाकून बघितलं. भाऊजींचा हमाल ओंडक्याच्या मधोमध स्वस्थ उभा होता. भाऊजींची बोटं बटणांवर नव्हतीच, दोन्ही हात मांडीवर होते. घोडं त्यांनी मुद्दाम अडवून धरलं होतं.